गर्दी असलेली चेन बुडते कशी, आणि माल देणाऱ्यानं आधी काय बघावं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीजवळ तुमचा भाजणी, मेतकूट आणि चटण्यांचा छोटा कारखाना आहे. ओळखीची दुकानं आणि प्रदर्शनं धरून महिन्याला ३ लाखांच्या आसपास विक्री होते. आता ४० दुकानं असलेल्या एका चेनच्या खरेदी अधिकाऱ्यानं दरमहा २ लाखांचा माल मागितलाय, ६० दिवसांच्या उधारीवर. घरचे म्हणतात, "बिग बझारसारखं बिग बझार गेलं, तिथे ही चेन कोण?" आणि तुम्ही विचारताय की एवढी गर्दी असलेली दुकानं बुडतात कशी, आणि ते आधी कळतं का.

मी सहा वर्षं एका चेनच्या खरेदी विभागात होतो, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला. नंतर पुण्यात स्वतःची फरसाण-सुकामेव्याची एजन्सी काढली आणि बरोबर तुमच्या बाजूला येऊन बसलो. दोन्हीकडून बघितल्यावर एवढंच कळलं की "ही चेन बंद पडेल का?" याचं उत्तर कुणाकडेच नसतं, बऱ्याचदा तिच्या मालकाकडेही नसतं. तुमच्या हातात असलेला प्रश्न वेगळा आहे: ज्या दिवशी ती बंद पडेल, त्या दिवशी माझे किती पैसे तिच्यात अडकलेले असतील?

आधी गर्दीचं बघू. गर्दी म्हणजे विक्री. विक्री म्हणजे नफा नव्हे, आणि नफा म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे. किराणा विकणारी चेन आपल्या पैशावर चालत नाही, ती तुमच्या-माझ्या पैशावर चालते. समजा, एक चेन महिन्याला खरेदीभावानं १ कोटीचा माल विकते. उधारी ६० दिवसांची, म्हणजे कुठल्याही दिवशी तिच्याकडे लोकांचं २ कोटींचं देणं असतं. गोदाम आणि फळ्यांवर मिळून माल असतो महिनाभराचा, १ कोटीचा. उरलेल्या १ कोटीचा माल विकला गेलाय, पैसे आलेत, पण पुरवठादाराला द्यायला अजून अवकाश आहे. हा फुकटचा १ कोटी हातात खेळायला लागला की मालकाला नवीन दुकान सुचतं. त्यातून जागेची अनामत, फर्निचर, एसी, बिलिंगची यंत्रं येतात. नवीन दुकान सुरू झालं की विक्री वाढते, उधारी वाढते, आणखी पैसा मोकळा होतो, मग आणखी एक दुकान.

सायकल चालते आहे तोवर तोल राहतो. आता विक्री वाढायची थांबली, किंवा चार मोठ्या कंपन्यांना शंका आली आणि त्यांनी ६० दिवसांचे ३० केले. सगळ्यांनीच तसं केलं तर वरच्या उदाहरणातला तो १ कोटी एका महिन्यात परत द्यावा लागतो. तो तर फर्निचरमध्ये आणि एसीमध्ये गेलेला असतो. एसी विकून साबणाचं बिल भागत नाही. दुकानात त्या दिवशीही गर्दी असते, बरं का.

सुभिक्षा आठवते? चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेली, किराणा, औषधं आणि मोबाइल विकणारी. २००८ पर्यंत तिची देशभरात सुमारे १६०० दुकानं झाली होती. आपल्याकडेही गल्लीच्या कोपऱ्यावर तिची पाटी दिसायला लागली आणि कळायच्या आत गेलीही. २००९ उजाडताना रोकड संपली, पगार थकले, माल यायचा थांबला, शटर पडली. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नव्हे. भांडवल थोडं, कर्ज जास्त आणि वेग भलता, त्यात २००८ च्या मंदीत नवीन पैसा देणारा कुणी उरला नाही.

बिग बझारची गोष्ट लांब आहे, आणि तुमच्या घरच्यांनी तीच काढली म्हणून जरा थांबतो. २००१ मध्ये सुरुवात. २००६ च्या २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' केला तेव्हा काही ठिकाणी पोलिसांना गर्दी आवरावी लागली होती. पण वाढ कर्जावर होती. २०१२ मध्येच कर्ज हलकं करायला बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर समूहाच्या किशोर बियाणींना पँटलून्स ही कपड्यांची चेन आदित्य बिर्ला समूहाला द्यावी लागली. पुढे कर्ज पुन्हा चढलं, आणि २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन आला. जागा भाड्याच्या, दुकानं बंद, व्याज चालू. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सला २४,७१३ कोटींना धंदा विकायचं ठरलं. त्याला ॲमेझॉननं हरकत घेतली, कारण आदल्या वर्षी त्यांनी समूहातल्या एका कंपनीत पैसे घातले होते. लवाद, कोर्ट, पुन्हा कोर्ट. २०२१ च्या अखेरीला बँकांचे ३,४९४ कोटी द्यायचे होते, ते चुकले.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये जे झालं ते प्रत्येक पुरवठादारानं नीट समजून घ्यावं असं आहे. भाडं थकल्यामुळे बऱ्याच दुकानांचे भाडेकरार जागामालकांनी आधीच रिलायन्सच्या कंपनीशी केले होते, आणि त्या जागा फ्यूचरला पोटभाड्यानं दिलेल्या होत्या. ते पोटभाडंही थकलं. रिलायन्सनं दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत तिथे 'स्मार्ट बझार'ची पाटी लागली. जागा तीच, गिऱ्हाईक तेच, बरेचसे कामगारही तेच. पण जुनी बिलं? ती जुन्या कंपनीच्या नावावरच राहिली. एप्रिलमध्ये बँकांनी विक्रीच्या विरोधात मत दिलं, व्यवहार मोडला. जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेल, म्हणजे बिग बझारची दुकानं चालवणारी कंपनी, दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि जुलै २०२४ मध्ये एनसीएलटीनं, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, तिच्या लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता मोडून विकण्याचा आदेश दिला. तोवर मोडून विकायला दुकानं होती कुठे?

म्हणून पहिलं काम: दारावरची पाटी वाचू नका, पीओवर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरवर, छापलेलं कंपनीचं नाव वाचा. एका समूहात दुकानं चालवणारी कंपनी एक, गोदाम दुसरीचं, ब्रँड तिसरीचा, असं सर्रास असतं. तुमचं येणं फक्त त्या एका नावाकडून असतं. त्या नावाचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून बघता येतात. तुमच्या सीएला तीनच गोष्टी काढायला सांगा: पुरवठादारांचं देणं दोन वर्षांत किती वाढलं, विक्री किती वाढली, आणि व्याज भागवून काही उरतं का. देणं विक्रीपेक्षा भराभर वाढत असेल तर नवीन दुकानं कुणाच्या पैशावर उघडताहेत ते उघड आहे.

उलट उदाहरण डीमार्टचं. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान, २०१७ मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा १३१ दुकानं. पंधरा वर्षांत एवढीच! जागा शक्यतो स्वतःच्या. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. खरेदी विभागात असताना आम्ही त्यांना संथ म्हणून हसायचो. जाऊ दे.

आणि बुडाली म्हणजे दुकानं बंदच होतात असंही नाही. विशाल मेगा मार्टनं २००७ मध्ये शेअर विकले, पुढच्या एक-दोन वर्षांत ती कर्जात रुतली, २०११ मध्ये संस्थापकाच्या हातून ७० कोटींना गेली. नव्या मालकांनी सावरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीच चेन ८,००० कोटींचा आयपीओ घेऊन परत बाजारात आली. पाटी टिकली, मालक टिकला नाही.

तुम्ही कपडे आणि पुस्तकांच्या दुकानांबद्दलही विचारलंय, पण ते गणित वेगळं आहे, म्हणून थोडक्यात. कपड्यांत माल चार-सहा महिने पडून राहतो, हंगाम चुकला की निम्म्या भावात काढावा लागतो. तिथे भांडवल फळीवर मरतं. संगीत आणि पुस्तकांत वस्तूच बदलली. मुंबईत काळा घोड्याचं संगीताचं दुकान रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं ते काही अंदाधुंद दुकानं उघडल्यामुळे नव्हे, लोकांनी सीडी घेणं सोडलं म्हणून. अमेरिकेत तिसराच प्रकार दिसतो. टॉइज आर अस या खेळण्यांच्या चेनला २००५ मध्ये गुंतवणूक कंपन्यांनी ६ अब्ज डॉलरहून जास्त देऊन घेतलं, पण त्यातलं बहुतेक कर्ज त्या दुकानांच्याच डोक्यावर टाकलं. दरवर्षी ४० कोटी डॉलरच्या आसपास नुसतं व्याज. सप्टेंबर २०१७ मध्ये, नाताळचा माल भरायच्या ऐन वेळी, कंपनी दिवाळखोरीच्या वकिलांशी बोलतेय अशी बातमी फुटली. खेळणी बनवणाऱ्यांनी रोख मागायला सुरुवात केली आणि दोनेक आठवड्यांत अर्ज दाखल झाला. पुढच्या जूनपर्यंत अमेरिकेतली सगळी दुकानं बंद. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना बेड बाथ अँड बियाँड या घरसामानाच्या चेनचं ते निळं २० टक्क्यांचं कूपन आठवत असेल. त्या कंपनीनं वर्षानुवर्षं स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात ११ अब्ज डॉलरहून जास्त घातले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये फळ्या भरायला पैसे उरले नाहीत.

नफा, व्याज, मालक, देश सगळं वेगळं. पण शेवटचा पंधरवडा सगळीकडे सारखाच: माल देणारे घाबरतात आणि फळी रिकामी होते. म्हणूनच पेपरच्या आधी फळीवर कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी कळतं का. बऱ्यापैकी कळतं, पण दुकानात गिऱ्हाइकासारखं नाही, भरणा बघणाऱ्यासारखं जायला हवं. सोमवारी-मंगळवारी सकाळी जा. नामांकित कंपन्यांचं तेल, साबण, कपड्यांची पावडर बघा. या कंपन्यांची उधारीची शिस्त कडक असते, हप्ता चुकला की त्या सगळ्यांत आधी गाडी थांबवतात. तिथे एकाच मापाचा पुडा दिसत असेल, किंवा पुढे एक रांग लावून मागे पोकळी असेल, तर एक पुडा काढून मागे हात घालून बघा. मी अजूनही घालतो, बायको लांब जाऊन उभी राहते. मोक्याच्या फळीवर पाण्याच्या बाटल्यांची नाहीतर चेनच्या स्वतःच्या ब्रँडची भिंत रचलेली दिसली तर तीही खूण. अर्धे दिवे बंद, एसी दुपारपर्यंत बंद. माल उतरवून घेणाऱ्या मुलाला विचारा, पगार कधी झाला. तो खरं सांगतो.

जे आधीपासून माल देताहेत त्यांच्याकडे आणखी खुणा असतात. बिलानुसार पैसे यायचे ते खात्यावर गोल आकड्यात, पन्नास हजार, एक लाख असे यायला लागतात. दर महिन्याला "सिस्टीम बदलतेय" ऐकू येतं. तुटीच्या, मुदतीच्या, योजनेच्या नावाखाली डेबिट नोटा, म्हणजे तुमच्या बिलातून कापून घेतल्याच्या चिठ्ठ्या, वाढतात. ज्या खरेदी अधिकाऱ्याशी तुम्ही बोलायचा तो नोकरी सोडतो, आणि त्याच्या जागेवर कुणी येत नाही.

पण सगळ्यांत फसवी खूण आनंदाची असते. एका चेननं, नाव सांगत नाही, एका दिवाळीला माझी ऑर्डर एकदम दुप्पट केली. भावात घासाघीसही केली नाही. मी घरी पेढे नेले. नंतर कळलं, फरसाणाच्या दोन मोठ्या कंपन्यांनी त्यांना माल देणं थांबवलं होतं आणि ती फळी माझ्या पुड्यांनी भरायची होती. मोठे बाहेर पडत होते आणि त्या रिकाम्या जागेत मी हसत हसत शिरत होतो. १४ लाख अडकले. रीतसर दावा दाखल केला, मंजूरही झाला, हाती अजून रुपया नाही. त्यावर भरलेला जीएसटी गेला तो वेगळाच, कारण पैसे बुडाले म्हणून भरलेला कर परत मिळायची सोय आपल्याकडे नाही. खरेदी विभागात सहा वर्षं काढलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, तेव्हा तुम्हाला कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

दावा मंजूर होऊनही पैसे का नाहीत? दिवाळखोरी कायद्यात, म्हणजे २०१६ च्या आयबीसीत, रांग ठरलेली आहे. लिक्विडेशन झालं तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी येणी. त्यानंतर 'उरलेली देणी', त्यात आपण. आपल्यामागे फक्त शेअरवाले. कंपनीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या समितीत मत बँकांचं, आपलं नाही. आणि आपण होऊन प्रक्रिया सुरू करावी म्हटलं तर २०२० पासून थकबाकी किमान १ कोटीची लागते. तुम्ही दोन लाखांवाल्या. एकदा प्रक्रिया सुरू झाली की वसुलीचे इतर दावेही थांबतात. तरी जाहीर सूचना आली की फॉर्म बी भरून दावा टाकायचाच, फी नसते. फक्त त्या पैशाच्या भरवशावर मुलाची कॉलेज फी ठरवायची नाही.

तेव्हा जे करायचं ते माल देण्याआधी. तुमचं गणित मी असं मांडतो. ६० दिवस म्हणजे खरे ६० नसतात. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, निघायला काही दिवस, बिल 'सिस्टीममध्ये चढायला' काही, पेमेंटचा वार ठरलेला, शिवाय पुढच्या ऑर्डरचा माल तुमच्याकडे तयार होत असतो. धरून चाला ९० दिवस. म्हणजे २ लाखांच्या ऑर्डरला कायम ६ लाख बाहेर, तुमच्या आजच्या दोन महिन्यांच्या विक्रीएवढे. तुमचा निव्वळ नफा १५ टक्के धरला, तर बुडालेले ६ लाख भरून काढायला ४० लाखांचा माल विकावा लागेल. एवढा धक्का तुमचा कारखाना सोसेल का, हे तुम्हालाच माहीत. कर्ज किती आहे, घरात दुसरं उत्पन्न आहे का, यावर ते अवलंबून आहे. मी तुमच्या जागी असतो तर नाही म्हणालो नसतो. ४० पैकी सांगली-कोल्हापूरची आठ-दहा दुकानं मागितली असती, ३० दिवसांवर, आणि बाहेरची एकूण रक्कम दीड लाखावर गेली की पुढची गाडी नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवायचा, कारण खरेदी अधिकारी गोड बोलतो. मीही बोलायचो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी करा. तुम्ही उत्पादक आहात, त्यामुळे २००६ चा एमएसएमई कायदा तुम्हाला पूर्ण लागू होतो. करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. ६० दिवसांची अट तिथेच बसत नाही. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही, हा नियम एप्रिल २०२४ पासूनचा. यामुळे काही जण "नोंदणी नसेल तर बरं" असं सुचवतात. तसं कुणी सुचवलं तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली असं समजा. खरं सांगायचं तर कायदा दाखवून वसुली केली की पुढची ऑर्डर येत नाही, मी तसे बघितलेत. पण करार करताना नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला असला की समोरचा आपोआप ४५ वर येतो.

चेन मोठी असेल तर ती ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर, आहे का विचारा. तिथे चेननं बिल मान्य केलं की बँक थोडं व्याज कापून तुम्हाला लगेच पैसे देते, आणि पुढे चेन बुडाली तरी बँक तुमच्या मागे येत नाही. तुमच्यासारख्यांसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. त्यांच्या ब्रँडच्या नावानं छापलेल्या पाऊचमध्ये माल भरून देऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी. तुमच्या नावाचं मेतकूट परत आलं तर प्रदर्शनात विकता येतं. त्यांच्या नावाचं कुठे विकणार? आणि 'विकलं तर पैसे, नाहीतर परत' अशा बोलीवर देत असाल तर विक्री होईपर्यंत माल तुमच्या मालकीचा आहे हे करारात आणि चलनावर लेखी हवं. तसा कागद असेल तर दिवाळखोरीतही फळीवरचा माल मागता येतो, नसेल तर तो बँकेच्या तारणात धरला जातो. हा मसुदा वकिलाकडून बघून घ्या, मी वकील नाही.

आकडा अजून नेमका काढायचा तर मला दोन गोष्टी लागतील: पीओवर छापलेलं कंपनीचं पूर्ण नाव आहे का आणि ते पाटीपेक्षा वेगळं आहे का (नाव इथे लिहू नका, फक्त हो-नाही सांगा), आणि भाजणीची मुदत किती महिन्यांची आहे. मुदत चार महिन्यांच्या आत असेल तर परत येणाऱ्या मालाचा हिशोब वरच्या गणितात धरलेलाच नाही, तो वेगळा मांडावा लागेल.